जहाजावर बुधवार, किनाऱ्यावर गुरुवार

रैवत ककुद्मी राजाची कथा पुराणातून पुष्कळांनी ऐकली असेल. आपल्या रेवतीला योग्य वर कोणता, हे विचारण्यासाठी तो तिला घेऊन थेट ब्रह्मलोकी गेला. तेथे गाणे रंगले होते, म्हणून बापलेक थोडी थांबली. गाणे संपल्यावर राजाने मनातल्या वरांची नावे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेवाला हसू आले. त्या एका गाण्याच्या अवधीत खाली पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली होती! राजाने योजलेले वर तर राहोतच, त्यांच्या नातवापणतवांचीही नावे कुणाला आठवत नव्हती. पुढे रेवती बलरामाला दिली. ती जुन्या युगातली, म्हणून फारच उंच. तेव्हा बलरामाने नांगराचा फाळ लावून तिला आपल्या बेताची करून घेतली, असेही विष्णुपुराण सांगते.

अलीकडच्या विज्ञानकथांतून हाच ककुद्मी नवा पोशाख करून वावरतो. आता तो आकाशनौकेचा कप्तान असतो. ताऱ्यांच्या पलीकडे कुठेतरी काळाला पडलेली एखादी चमत्कारिक गाठ त्याच्या वाटेत येते आणि तो परततो तेव्हा घरच्या दिनदर्शिकेची पाने त्याच्या हिशेबाशी जुळत नाहीत. मुलांना अशा गोष्टी फार आवडतात. मोठ्यांनाही आवडतात, पण ते तसे कबूल करीत नाहीत.

परंतु कल्पनेतल्या या कप्तानाच्या कितीतरी आधी एका खऱ्याखुऱ्या कप्तानावर हा प्रसंग आला होता. त्याची नौका आकाशातली नव्हती. ती एक गळके, कुजके, लवंगांनी भरलेले लाकडी गलबत होते. त्याचे नाव व्हिक्टोरिया. कप्तानाचे नाव ह्वान सेबास्तियान एल्कानो. साल १५२२, महिना जुलै आणि वार... वारच तर वादाचा होता.

ही सफर इतिहासात मॅगेलनची म्हणून ओळखली जाते, आणि ते योग्यच आहे. फर्डिनंड मॅगेलन हा पोर्तुगीज. १५०५ साली आल्मेइदाच्या आरमारातून तो हिंदुस्थानात आला, मलबारच्या किनाऱ्यावर वावरला, १५०९ साली दीवच्या प्रसिद्ध लढाईत होता आणि पुढे मलाक्केपर्यंत जाऊन आला. मसाल्याची बेटे पूर्वेला आहेत हे त्याला ठाऊकच होते. त्याचे म्हणणे एवढेच की, पृथ्वी जर गोल आहे तर पश्चिमेकडून निघूनही तेथे पोहोचता येईल. पोर्तुगालच्या राजाशी बिनसले, तेव्हा ही कल्पना घेऊन तो स्पेनच्या राजाकडे गेला. २० सप्टेंबर १५१९ रोजी पाच जहाजे स्पेनमधल्या सानलूकार बंदरातून बाहेर पडली. बरोबर सुमारे अडीचशे माणसे होती.

या पाच जहाजांचे पुढे काय झाले हे सांगू लागलो तर दिवाळीचे फराळ गोड लागणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर सान हुलियानच्या थंडगार खाडीत हिवाळा काढताना कप्तानांनी बंड केले. मॅगेलनने ते निष्ठुरपणे मोडले. त्या बंडखोरांत एल्कानोही होता. मनुष्यबळ हवे म्हणून ज्या अनेकांना क्षमा मिळाली त्यांत तो वाचला. एक जहाज तेथेच फुटले. दुसरे, सान आंतोनियो नावाचे, सामुद्रधुनीतून गुपचूप मागे फिरले आणि स्पेनला परत गेले. उरलेली तीन २८ नोव्हेंबर १५२० रोजी सामुद्रधुनी ओलांडून पलीकडच्या अफाट समुद्रात शिरली. तो शांत दिसला म्हणून त्याला प्रशांत हे नाव पडले. तीन महिने वीस दिवस ताजे अन्न नाही. बिस्किटांचा भुगा, त्यात किडे आणि उंदरांची घाण, डोलकाठीला गुंडाळलेले बैलाचे कातडे चारपाच दिवस समुद्रात भिजवून निखाऱ्यावर भाजलेले, लाकडाचा भुसा. उंदीर अर्ध्या दुकाताला विकला जाई आणि तोही मिळत नसे. हिरड्या सुजून दातांवर येत आणि माणसे मरत. पुढे फिलिपीन्समधल्या माक्तान बेटावर २७ एप्रिल १५२१ रोजी मॅगेलन स्थानिक लोकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. तीन जहाजे चालवायला माणसे पुरेनात म्हणून एक जाळून टाकले.

ही सारी हकीकत आपल्याला मुख्यत्वे एका माणसामुळे कळते. आंतोनियो पिगाफेत्ता हा इटलीतल्या व्हिचेन्झा शहरचा. हा काही खलाशी नव्हे, व्यापारीही नव्हे. जग पाहावे म्हणून निघालेला हौशी गृहस्थ. पण त्याला एक सवय होती. तो रोज लिहीत असे. वादळ असो, उपासमार असो, माक्तानच्या चकमकीत लागलेली जखम असो, रोजनिशी बंद पडली नाही. अशी माणसे सोबत असली की थोडी कंटाळवाणी वाटतात. त्यांचे मोल मागाहून कळते.

८ नोव्हेंबर १५२१ रोजी दोन उरलेली जहाजे मसाल्याच्या बेटांपैकी तिदोर या बेटाला लागली. तेथे एक गमतीची गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पूर्वेकडच्या वाटेने, म्हणजे आफ्रिका आणि हिंदुस्थान यांच्या बाजूने येऊन त्या मुलुखात वर्षानुवर्षे राहिलेला लोरोसा नावाचा एक पोर्तुगीज त्यांना भेटायला जहाजावर आला. रात्री उशिरापर्यंत गप्पा झाल्या. पोर्तुगालच्या राजाचे बेत, व्यापार, जहाजे, सगळे बोलणे निघाले आणि पिगाफेत्ताने ते लिहून ठेवले. आज वार कोणता, एवढे मात्र कुणी कुणाला विचारलेले त्यात नाही. विचारण्याचे कारणच काय? पण लोरोसाने आपले वार नीट मोजले असतील, तर एकाच मेजाशी बसलेल्या त्या माणसांत एका दिवसाचे अंतर होते. पृथ्वीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून आलेले दोन आठवडे तिदोरला एकमेकांसमोर बसले आणि ओळख न होताच उठून गेले.

तिदोरहून निघताना दुसरे जहाज, त्रिनिदाद, गळू लागले आणि मागे राहिले. पुढे ते पोर्तुगिजांच्या हाती पडले. त्यावरच्या काहींना आपल्याकडे कोचीनच्या बंदिवासात दिवस काढावे लागले. २१ डिसेंबर १५२१ रोजी व्हिक्टोरिया एकटीच निघाली. तिच्यावर सत्तेचाळीस युरोपियन आणि तेरा मलायी बेटांतले लोक होते. पोटात सुमारे २६ टन लवंग. कप्तान एल्कानो. काल ज्याच्या मानेवर बंडाबद्दल सुरी होती, त्याच्या हाती आज सुकाणू. दैव असेच वागते.

वाट मोठी बिकट होती. हिंदुस्थानचा किनारा, मोझांबिक, सगळीकडे पोर्तुगिजांची ठाणी. दिसले की पकडले जाणार. म्हणून एल्कानोने जमीन टाळून हिंदी महासागराच्या दक्षिणेकडून जहाज हाकले आणि १५२२ च्या मे महिन्यात केप ऑफ गुड होप ओलांडले. मांस मीठ न मिळाल्यामुळे कुजले होते. तांदूळ आणि पाणी, दुसरे काही नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्याने वर येताना एकवीस माणसे गेली. अखेर मरण्यापेक्षा धोका बरा म्हणून त्यांनी केप व्हर्द बेटांपैकी सांतियागो बेटावर नांगर टाकला. तेही पोर्तुगिजांचेच. तेव्हा थाप ठरली: आम्ही अमेरिकेकडून येत आहोत, विषुववृत्ताखाली आमची डोलकाठी मोडली, म्हणून इकडे भरकटलो. होडी तांदूळ आणायला किनाऱ्यावर गेली. जाणाऱ्यांना सांगून ठेवले होते की, आज वार कोणता तेवढे विचारून या.

होडी तांदूळ घेऊन आली आणि उत्तरही घेऊन आली. गुरुवार.

जहाजावर त्या दिवशी बुधवार होता, ९ जुलै. किनाऱ्यावर १० जुलै होता.

आज आपल्याला ही मोठी गोष्ट वाटणार नाही. आजारपणात वार चुकतो. सुटीत तर चुकतोच चुकतो. पण त्या जहाजावर दिवसाचा हिशेब ही एकच वस्तू अशी होती की जी गळली नव्हती, कुजली नव्हती. वाळूची घड्याळे दर अर्ध्या तासाने उलटी करायची, दुपारी सूर्य माथ्यावर आला की हिशेब पुन्हा जुळवून घ्यायचा, संध्याकाळी प्रार्थना आणि सणावारी सण. माणसे मेली तरी हे चुकले नव्हते. आणि आता तांदूळ विकणारा कुणी वाणी सांगतो की तुमचा वार चुकला!

येथे दोन माणसांचे दोन स्वभाव दिसतात, आणि मला ही साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची जागा वाटते. जहाजाचा वाटाड्या नाविक फ्रान्सिस्को आल्बो यानेही स्वतंत्र नोंदवही ठेवली होती. आमचा बुधवार, त्यांचा गुरुवार, हे त्याने लिहिले आणि पुढे लिहिले की, आम्हीच एका दिवसाने चुकलो असू. व्यवहारी माणूस, सारे गाव एक सांगते तेव्हा आपण चुकलो म्हणावे आणि कामाला लागावे. पिगाफेत्ता मात्र हटला. मी एकही दिवस आजारी पडलो नाही, एकही दिवस लिहावयाचा राहिला नाही, मग चूक होईलच कशी? त्याने किनाऱ्याला खोटे म्हटले नाही आणि स्वतःची वहीही खोडली नाही. दोन्ही खरे असतील तर मधे काहीतरी आहे, एवढे त्याने धरून ठेवले. आल्बोच्या नम्रतेचे कौतुक करावे, पण त्या घडीला ती नम्रता चुकीच्या बाजूला झुकली होती. दोघांच्या वह्या वेगळ्या असून दोघांचा वार एकच निघतो, तर दोघे एकाच दिवशी एकच चूक कशी करतील?

या विचाराला फारसा अवकाश मिळाला नाही. होडी तिसऱ्यांदा गेली ती परत आलीच नाही. जहाजात लवंग आहे हे किनाऱ्यावर फुटले आणि तेरा माणसे अडकली. आपल्यावर चार जहाजे चाल करून येतील हे ओळखून एल्कानोने शीड उभारले आणि तो निघून गेला. ६ सप्टेंबर १५२२ रोजी व्हिक्टोरिया सानलूकारला पोहोचली, तेव्हा तिच्यावर अठरा युरोपियन उरले होते, बहुतेक आजारी. सेव्हिलला गेल्यावर ही माणसे अनवाणी, अंगात नुसता सदरा, हातात मेणबत्ती, अशी देवळाला गेली. त्याच सुमारास एल्कानोने सम्राट पाचव्या चार्ल्सला जे पत्र लिहिले, त्यात पश्चिमेकडे जाऊन पूर्वेकडून परतल्याचे सांगितले, आणि मागे राहिलेल्या तेरा माणसांना सोडवावे अशी विनंती केली. ती पुढे सुटून आली.

आता त्या दिवसाचे काय? भाविकांना वेगळीच टोचणी लागली. शुक्रवारी मांस वर्ज्य. पण जहाजावरचा शुक्रवार हा घरचा शनिवार. म्हणजे खऱ्या शुक्रवारी मांस खाल्ले आणि सण भलत्याच दिवशी केले! आपल्याकडे एकादशी समजून द्वादशी उपाशी काढल्यासारखे. खलाशांचे मांस म्हणजे बैलाचे कातडे आणि उंदीर, हे ध्यानात घेता देवाने फार राग धरला नसावा. १५२१ सालचा ईस्टरचा रविवार त्यांनी ३१ मार्चला फिलिपीन्समध्ये मोठ्या भक्तिभावाने साजरा केला. आजच्या फिलिपीन्सच्या कालगणनेने तो सोमवार होतो.

दरबारातला इतिहासकार पीटर मार्टिर याने या माणसांची उलटतपासणी केली. त्याने पाहिले की, लीप वर्षाचा दिवस विसरला म्हणावे तर तसेही दिसत नाही. तेव्हा तो व्हेनिसचा वकील गास्पारो कोंतारिनी याच्याकडे गेला. हा मोठा व्युत्पन्न गृहस्थ. त्याने उलगडा केला की, यात चूक कुणाचीच नाही. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जाऊन पृथ्वीला वळसा घातला, की एक दिवस कमी भरायचाच.

हे घरच्या उदाहरणाने पाहू. नागपूरला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा मुंबईला मध्यान्ह व्हायला अजून सुमारे पंचवीस मिनिटे असतात. म्हणजे नागपूरच्या दुपारी निघून पश्चिमेकडे मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलेल्या प्रवाशाचा दिवस चोवीस तास पंचवीस मिनिटांचा होतो. परत गेला की तेवढाच लहान दिवस मिळतो आणि हिशेब फिटतो. जगातले सारे प्रवासी तोपर्यंत गेल्या वाटेने परत येत होते, म्हणून हा हिशेब कुणाच्या लक्षात येत नव्हता. सामुद्रधुनीतून मागे फिरलेल्या सान आंतोनियोचाही वार चुकण्याचे कारण नव्हते. व्हिक्टोरिया परत फिरलीच नाही. सानलूकार सोडल्यापासून केप व्हर्दपर्यंत किनाऱ्याच्या गणनेने १०२४ दिवस झाले, जहाजाच्या गणनेने १०२३. जहाजाचा प्रत्येक दिवस सरासरीने सुमारे चौऱ्याऐंशी सेकंदांनी मोठा होता. वाळूच्या घड्याळाला एवढा फरक कुठून कळणार? आणि रोज दुपारी सूर्य पाहून ते जुळवून घेत, त्यात तो पुसलाच जाई. बेसनाचे तेवढेच सारण घेऊन एकीने १०२४ लाडू वळले आणि दुसरीने प्रत्येक लाडू किंचित मोठा करून १०२३ वळले, तर बेसन कुठे हरवले नाही. खलाशांच्या आयुष्यातला एक क्षणही कमी झाला नव्हता.

नवल असे की हे उत्तर प्रश्नाच्या आधी दोनशे वर्षे लिहून ठेवलेले होते. सीरियातल्या हमा शहराचा राजा आणि भूगोलज्ञ अबुल फिदा हा १३३१ साली वारला. त्याने आपल्या ग्रंथात तीन माणसे कल्पिली आहेत: एक पूर्वेकडून जगाला वळसा घालतो, एक पश्चिमेकडून, एक घरीच बसतो, तिघे भेटतात तेव्हा तिघांचे तीन वार. फ्रान्समध्ये त्याच शतकात निकोल ओरेम याने हेच कोडे मांडले होते. आणि त्यातले मूळ तत्त्व तर आपल्याकडे आर्यभटाने ४९९ साली सांगितले आहे: लंकेला सूर्योदय होतो तेव्हा यवकोटीला दुपार, सिद्धपुरीला सूर्यास्त आणि रोमकाला मध्यरात्र असते. आपला पंचांगकर्ताही देशांतर-संस्कार करतो तो याच कारणाने. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतून लक्ष्मीपूजन कधी कधी आपल्या आदल्या तारखेला होते, तेही यातूनच. अमावास्येचा क्षण एक, तारखा दोन. एवढे असून हे ज्ञान ग्रंथांत राहिले आणि उंदीर खाऊन जगलेल्या खलाशांना ते किनाऱ्यावरच्या वाण्याकडून कळले, याचा विषाद वाटतो.

व्यवहारात या एका दिवसाची गाठ सुटायला फार काळ लागला. फिलिपीन्समध्ये स्पॅनिश लोक अमेरिकेच्या बाजूने येत, म्हणून तेथे शेजारच्या मकावपेक्षा एक दिवस मागे असे. अखेर तिथल्या गव्हर्नरच्या हुकुमाने ३१ डिसेंबर १८४४ हा मंगळवार गाळण्यात आला. लोक सोमवारी निजले ते बुधवारी, नव्या वर्षात उठले. सामोआ देशाने तर २०११ सालचा ३० डिसेंबर गाळला. जूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत हाच हिशेब उलटा वापरला. मुंबईला उतरून आगगाडीने कलकत्त्याकडे गेलेला त्याचा नायक पूर्वेकडे वळसा घालीत होता, म्हणून त्याला एक दिवस फुकट मिळाला आणि पैज जिंकता आली.

मात्र काळ खरोखरच कमीजास्त होतो, असेही विसाव्या शतकात आढळले. १९७१ च्या ऑक्टोबरात हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडून, एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडची घड्याळे घरच्या घड्याळाच्या मागे पडली, सुमारे ५९ अब्जांश सेकंद. पश्चिमेकडची सुमारे २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. आइन्स्टाइनच्या गणिताशी हे जुळले. येथे लाडवांचा दाखला चालणार नाही. येथे बेसनच कमीजास्त झाले. रशियाचा सर्गेई क्रिकाल्योव्ह याने सहा उड्डाणांत मिळून ८०३ दिवस अंतराळात काढले. २००५ साली तर तो आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचा कप्तानच होता. गणिताप्रमाणे आपल्यापेक्षा तो सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाने तरुण राहिला. त्याहून मोठा धक्का त्याला १९९२ च्या मार्चमध्ये बसला होता. दहा महिने वर काढून तो उतरला, तेव्हा ज्या सोव्हिएत संघराज्याने त्याला पाठवले ते राहिले नव्हते आणि त्याच्या लेनिनग्राडचे नाव सेंट पीटर्सबर्ग झाले होते. ककुद्मी राजाला त्याची स्थिती समजली असती.

पिगाफेत्ता सम्राटाला भेटायला वयादोलिदला गेला. इतर कुणी सोने नेले असते. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली वही नजर केली, ज्यात रोज काय घडले ते दिवसागणिक मांडले होते. ती मूळ वही आज उपलब्ध नाही; मागाहून त्याने लिहिलेल्या वृत्तांताच्या प्रती उरल्या. एल्कानोला वार्षिक पाचशे दुकातांचे वर्षासन मिळाले आणि एक कुलचिन्ह. त्यावर दालचिनी, जायफळ, लवंग आणि वर पृथ्वीचा गोल. मला प्रथम तू वळसा घातलास, असे तो गोल त्याला म्हणतो. तीन वर्षांनी, १५२५ च्या जुलैत, एल्कानो पुन्हा त्याच वाटेने, पश्चिमेकडेच, दुसऱ्या आरमारातून निघाला. १५२६ च्या ऑगस्टमध्ये प्रशांत महासागराच्या मध्यावर तो जहाजावरच वारला. त्याचा देह फळीला बांधून समुद्रात सोडला.